कंप्युटरला झालेली कावीळ

“तुला कुनी सांगितलंवतं त्येच्यावर भंडारा उधळायला? आँ? मशीन हाय ती, मेंढरू न्हवं!”

“आरं, सनाचा दिस म्हनून...”

“सन गेला चुलीत! ताईचं काम गेलं न्हवं समदं? मी एवढा मरमर करून जोडला, आन तू एका मुठीत वाट लावलीस त्येची. आता काय करशील? नाथाला इचारशील व्हय?”

सिद्धू असा आईवर वरडत व्हता तवा मी त्या दोघांच्या मधी लाकडी पेटीवर बसलो व्हतो. आईच्या, म्हंजे सुलाबाईच्या, हातात पूजंचं ताट व्हतं. ताटातलं निरांजन अजून जळत व्हतं. तिची बोटं पिवळी, आन माझी काच बी पिवळी.

मित्रांनो, मी एक स्वस्तातला, मधल्या मापाचा कॅबिनेट हाय. कंप्युटरचे समदे भाग ज्या पत्र्याच्या डब्यात बसवत्यात ना, तो डबा. लोकं मला सीपीयू म्हनत्यात. खरा सीपीयू म्हंजे माझ्या पोटातला एवढासा चौकोनी तुकडा. पर लोकांचं काय, डब्यालाच जेवान म्हनायचं.

मला जीभ न्हाई. म्हनून त्या दिवशी मी गप बसलो. माझ्या पोटात काय बिघडलंय ते मला ठावं व्हतं, आन ते भंडाऱ्यानं बिघडलं नव्हतं. एका बाईच्या हाताला फुकाचा दोष लागत व्हता आन मी बघत बसलो व्हतो. एका बाजूनं काचंचा हाय मी. कुनीबी वाकून बघावं, आतलं समदं दिसतंय. जे दिसायला पायजे व्हतं तेवढंच दिसत नव्हतं.

पयल्यापासनं सांगतो.

माझा जलम कारखान्यात झाला. पातळ पत्रा आला, मशीननं धाडदिशी दाबला, भोकं पाडली, काळा रंग मारला, झालो मी. महागाच्या कॅबिनेटच्या कडा वळवून गुळगुळीत करत्यात. माझ्या केल्या न्हाईत. म्हनून आतनं माझ्या कडा ब्लेडावानी हायत. तोंडाला एक पंखा, त्यात निळी लाईट. काचंवर दोन्ही बाजूनं प्लास्टिकचा पापुद्रा डकवला, तोंडाच्या चकाकत्या पट्टीवर बी डकवला, आन खोक्यात घालून पाठवलं सांगलीला.

सांगलीच्या दुकानात मी लय दिस पडून व्हतो. माझ्या संगं आलेले समदे गेले. माझा एक कोपरा गाडीत चेपलावता, म्हनून मालक मला फुडं काढीत नसे. माझ्या खोक्यावर त्येचे चहाचे गिलास असायचे. 

मग एक दिस सिद्धू आन त्येची थोरली बहीन पल्लवी दुकानात आली. पल्लवी सांगलीत डिप्लोमा करती, पूल आन रस्ते बांधायचा. ऱ्हायला माधवनगरात खोली घेऊन. सिद्धूनं धाव्वीतच शाळा सोडलीवती. गुरुजी काय बोललं, ह्यानं काय उत्तर दिलं, ते म्या ऐकलेलं न्हाई. पर फळीवरनं दप्तर उचलून जो निघाला तो परत गेला न्हाई म्हनं. म्हसवडच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. डोळा लय बारीक. खोकं उघडल्या उघडल्या म्हनला, “ह्येचा कोपरा चेपलाय.”

“चेपला म्हंजे काय, आत समदं बसतंय की,” मालक म्हनला. “मधल्या मापात तेवढा एकच ऱ्हायलाय बघ.”

“आईनं कोकरं इकून दिल्यात पैसं. चेपलेला कशाला न्यू?”

“सिद्ध्या, मला त्येच्यात काम करायचंय, त्येचं लगीन न्हाई लावायचं,” पल्लवी म्हनली. “घे तोच.”

मालकानं मदरबोर्ड दिला, प्रोसेसर दिला, आन पुलाची मोठी चित्रं काढायची म्हनल्यावर एक वेगळा कुलर बी दिला. कुलर म्हंजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा पंखा आन त्येच्याखाली धातूचा ठोकळा. प्रोसेसर तापला की ठोकळा उष्णता वढून घेतो आन पंखा ती उडवून लावतो. एवढं ध्येनात ठेवा.

मला आधी घरी नेऊन जोडायचं, आन दसऱ्यानंतर पल्लवीच्या खोलीवर पोचवायचं ठरलं. यष्टीत सिद्धूनं मला मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हनला, “खाली ठेव की ते खोकं.”

“खाली तुमी बसा. ह्यो हितंच बसनार.”

“मग ह्येचं बी तिकीट काढ.”

“काढा. हाफ काढा, बारका हाय आजून.”

समदी यष्टी हसली. कंडक्टर बी हसला, पर तिकीट काढलंच त्येनं. मित्रांनो, तो दिस मला लय आवडला. एवढं जपून मला कुनी धरलं नव्हतं.

सिद्धूचं घर म्हसवडच्या जवळ, माळावरच्या वाडीत. धनगराची दहा-पंधरा घरं. बाप अर्जुना मेंढरांच्या मागं. मेंढरं पावसाळ्यात घरी, आन दसरा झाला की चाऱ्याच्या शोधात निघायची. घरात कर्ती बाई म्हंजे सुलाबाई. वाडीत समद्यात थोरली जाऊ. तिच्या कमरंला कायम एक बारकी पिशवी खवलेली, त्यात भंडारा. म्हंजे हळदीची पूड, पर देवाची, म्हसवडच्या नाथाची. मेंढी व्याली की कोकराच्या कपाळाला भंडारा. कोन गावाला निघालं, भंडारा. नवी सायकल, नवा मोबाईल, नवी सून, समद्यांना पयलं बोट सुलाबाईचं. तो तिचा मान व्हता, आन तिच्या हाताला गुन हाय असं वाडी म्हनायची.

सिद्धू मला जोडायला बसला तवा तिनं हौसंनं काळं घोंगडं आनून हातरलं.

“उचल ते, उचल!” सिद्धू खेकसला. “लोकरीनं करंट येतो. बोर्ड जळंल.”

“लोकरीला कसला रं करंट? तुझा आज्जा जलमभर लोकरीतच निजला.”

“आज्ज्याच्या अंगात मदरबोर्ड व्हता का?”

तिनं घोंगडं उचललं आन पुट्ट्याचं खोकं फाडून हातरलं. राग न्हाई आला तिला. त्येच्या वरडायची सवय व्हती. लेकाला लोकरीचा करंट बी ठावं हाय, ह्याचं कवतिक तिच्या तोंडावर दिसत व्हतं.

सिद्धूनं मोबाईलवर इडिओ बघून बघून जोडलं. पितळंचे बारके खुंटे माझ्या पाठीला पिळले, त्येच्यावर मदरबोर्ड ठेवला, स्क्रू आवळले. वायर वढताना माझ्या कडंनं त्येचं बोट कापलं. रगताचा थेंब माझ्या पत्र्यावर पडला. सुलाबाई धावत आली, पिशवी सोडली, आन भंडारा जखमंत दाबला.

“झोंबतंय!”

“झोंबू दे. नाथाचा हाय.”

रगत थांबलं. भंडाऱ्याची आन माझी पयली भेट ती अशी.

आता ह्या घराची एक रीत सांगतो, म्हंजे फुडचं कळंल. नवी वस्तू आली की तिचं प्लास्टिक काढायचं न्हाई. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकात. मिक्सर प्लास्टिकात. भिताडावरच्या घड्याळाची काच आजून निळ्या पापुद्र्यात. चरा पडू नये, नवं ऱ्हावं. आन काढायचंच झालं तर खंडेनवमीला, म्हंजे दसऱ्याच्या आदल्या दिशी, हत्यारांची पूजा करायच्या आधी. तवा सनासारखं काढायचं, टरटर आवाज करत.

सिद्धूनं माझ्या काचंवरचं प्लास्टिक काढलं न्हाई. तोंडावरचं न्हाई. आन मग त्येनं तो कुलर हातात घेतला. त्येच्या बुडाला बी एक पातळ, आरपार दिसनारं प्लास्टिक डकवलेलं व्हतं. त्येच्यावर तांबड्या रंगात इंग्रजी लिवलेलं. सिद्धूनं ते बघितलं. नखानं जरा उचकटून बी बघितलं. मग बोटानं परत दाबून बसवलं. नवंकोरं, आरशावानी चकाकतं बूड. चरा कशाला पाडायचा?

प्रोसेसरवर उष्णता वर पोचवनारी पेस्ट लावली आन कुलर तसाच, प्लास्टिकासकट, वरनं आवळला.

मला वरडावंसं वाटलं. डब्याला कोन इचारतंय.

बटन दाबलं, निळी लाईट लागली, पडदा उजळला. सुलाबाईनं टाळी वाजवली. गानी लागली, इडिओ लागलं, समदं ब्येस. एवढ्या कामाला प्रोसेसर जास्त तापत न्हाई. गडी जोवर सावलीत बसून हाय तोवर त्येला ताप आलाय का न्हाई कुनाला कळतंय?

खंडेनवमी आली. पल्लवी सुट्टीवर आलीवती आन तिच्या पुलाचं काम शेवटाला आलंवतं. त्या दिशी हत्यारानं काम करायचं नसतंय. कुऱ्हाड, खुरपी, लोकर कातरायची मोठी कातर, समदी धुऊन पुसून एका वळीत मांडलीवती, आन त्या वळीच्या शेवटाला पेटीवर मी. सकाळी सिद्धूनं माझं प्लास्टिक टरटर काढलं. वाडीतली पोरं तो आवाज ऐकायला दारात उभी. बाहेरचं समदं प्लास्टिक निघालं. आतलं ऱ्हायलं.

“पल्लवे, आजच्या दिस बंद ठेव की ते,” सुलाबाई म्हनली. “हत्याराला इसावा असतुया.”

“आये, सुट्टी संपली की जमा करायचंय. रंगीत चित्र निघायला येळ लागतोय. तू कर पूजा, ते चालू दे आपलं.”

तर मी चालूच व्हतो. पुलाचं मोठं चित्र तयार व्हत व्हतं आन प्रोसेसर कवा नव्हं तो एवढा तापला व्हता. उष्णता वर चढायची, प्लास्टिकाला आडायची, आन परत खाली यायची. कुलरचा पंखा जिवाच्या आकांतानं फिरत व्हता, पर त्येच्यापतोर कायच पोचत नव्हतं.

सुलाबाईनं कातरीला हळद-कुंकू लावलं, कुऱ्हाडीला लावलं, आन माझ्याफुडं आली. कोकरं गेल्यात माझ्यापायी, म्हनून तिनं मूठ जरा मोठीच भरली.

“नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!”

भंडारा माझ्या तोंडावर पडला. पंख्यानं तो आत वढला, आन काचंच्या आत पिवळा ढग उठला. निळ्या लाईटीत हिरवा दिसाय लागला. पोरं खिदळली. पल्लवी बी हसली. “आये, बास, बास!”

हसू तोंडावर हाय तोवर पडदा काळा झाला.

परत चालू केलं. जरा चाललं, परत बंद. पेन ड्राईव्हवर फाईल लिवता लिवता मी बंद पडलोवतो, त्यापायी ती फाईल बी उघडंना. पल्लवी खाली बसली. मग सिद्धू वरडला. ते तुमी वर ऐकलंयच.

सुलाबाईनं ताट खाली ठेवलं, आपल्या पिवळ्या बोटांकडं बघितलं, आन पदराला हात पुसला. पुसतच ऱ्हायली.

दुसऱ्या दिशी दसरा, पर पल्लवी सांगलीला निघाली. तिथं कुना मैत्रिनीच्या मशीनवर बसून जुन्या फाईलीवरनं काम परत करायचं म्हनली. मी दारातनं बघत व्हतो. ती आईच्या पाया पडली आन कपाळ फुडं करून थांबली. लहानपनापासनं अशीच थांबती, भंडाऱ्यासाठी. सुलाबाईचा हात कमरंला गेला, पिशवीपतोर. मग तिनं भाकरीची शिदोरी तेवढी हातात दिली.

“आये, भंडारा?”

“ऱ्हाऊ दे बाई. आधीच लय केलंय म्या.”

पल्लवी तशीच गेली. कोरं कपाळ घेऊन.

चार दिसांनी मेंढरं निघाली. दरसाल म्होरल्या बकऱ्याच्या पाठीवर सुलाबाई भंडारा टाकती, मगच कळप हलतो. ह्या खेपंला तिनं पिशवी अर्जुनाच्या हातात दिली. “तुमीच टाका.” अर्जुना तिच्याकडं बघत ऱ्हायला. मेंढरं वरडत व्हती, कुत्री पळत व्हती, बोलायला सवड नव्हती. त्येनं टाकला आन गेला.

मित्रांनो, माझ्या आत तो भंडारा तसाच पडून व्हता. मला त्येचं वझं झालंवतं. वझनाला तर फुंकरीएवढा बी न्हाई.

मग एका दुपारी सिद्धूनं माझी काच उघडली. रंगाचा बारका ब्रश घेऊन त्येनं एकूणएक कोपरा झाडला. मशीन चालू केली, मोठं काम लावलं. जरा येळानं बंद. मग त्येनं कुलरचे स्क्रू सोडले आन ठोकळा वर उचलला.

बुडाला प्लास्टिक. उष्णतेनं आकसलेलं, सुरकुतलेलं, दोन्ही बाजूनं राखाडी पेस्ट लागलेली. त्येनं ते पँटीला पुसलं. तांबडी अक्षरं दिसली. सिद्धू धाव्वी सुटलेला असला तरी तेवढं इंग्रजी त्येला येतं. ओठ हलवत वाचलं त्येनं. बसवायच्या आधी काढा, असं लिवलंवतं.

अंगनात सुलाबाई बाजरी पाखडत व्हती. सुपाचा आवाज येत व्हता. त्येनं दाराकडं बघितलं, मग प्लास्टिकाकडं बघितलं, आन ते खिशात घातलं.

ठोकळा पुसला, नवी पेस्ट लावली, परत आवळला. बटन दाबलं. मोठं काम लावलं. मी चाललो. खडखडीत चाललो. पंख्यातनं गरम वारा भसाभसा बाहेर पडला. जिवाला केवढं बरं वाटलं! आन लगोलग दारात सुलाबाई.

“चालू झाला व्हय रं?”

“व्हय.”

“भंडारा निघाला का समदा?”

“निघाला.”

“लय आत गेलावता?”

सिद्धू माझ्या काचंकडं बघत व्हता. काचंत त्येचंच तोंड दिसत व्हतं.

“...व्हय. लय आत गेलावता.”

“बरं झालं बाबा निघाला ते. आता मी न्हाई हात लावायची,” ती म्हनली, आन सूप घेऊन गेली.

मशीन दुरुस्त झाली, मित्रांनो. त्या दिशी दुसरं कायतरी मोडलं आन त्येला स्क्रू नव्हते.

वाडीत गोष्ट पसरायला कितीसा येळ लागतोय? सिद्धूचा चुलता कोंडीबा बोलायला लय खोडकर. पारावर बसून इचारायचा, “काय रं सिद्धू, कंप्युटरला कावीळ झालीवती म्हनं? झाडपाला दिलास का न्हाई?” त्येचा पोरगा इंद्रजित तर फुडचाच. “आप्पा, कावीळ न्हवं, हळद लागली त्येला. थोरल्या आईनं हळद लावलीया, आता वरात कवा ते इचारा.”

सुलाबाई पानी घेऊन जाता जाता हे ऐकायची, आन ती बी हसायची. ते हसनं बघवत नव्हतं.

एक दिस सिद्धूनं इंद्रजितची गचांडी धरली. माझ्याफुडं, घराच्या दारातच झालं. “माझ्या आईला हसायचं न्हाई!” शर्टाची गुंडी तुटून माझ्यापाशी आली. सुलाबाई मधी पडली. पोराला मागं वढलं आन सावकाश म्हनली, “त्येला कशाला मारतुयास? आधी तूच म्हनलावतास न्हवं?”

सिद्धूचा हात खाली आला. तो आत येऊन माझ्याफुडं बसला. चालू न्हाई केलं मला. खिशात हात घातला, ते प्लास्टिक बोटानं चाचपलं, बाहेर काढलं न्हाई. रोज असंच. कापडं बदलली की ह्या खिशातनं त्या खिशात. टाकून का देत न्हाई, मला कळंना. टाकलं असतं तर कुनाला बी पत्ता लागला नसता. मी एकटाच ऱ्हायलो असतो जाननारा, आन मी तर डबा.

घरात तो अजून जास्त खेकसाय लागला. भाकरी करपली, खेकस. पानी तापलं न्हाई, खेकस. तिचा काय दोष न्हाई हे ज्येला ठावं तोच तिच्यावर जास्त वरडत व्हता. हे माणसाचं काम मला आजून उमगलेलं न्हाई. माझ्यात उष्णता कोंडली की मी बंद पडतो. माणूस बंद पडत न्हाई, दुसऱ्याला भाजतो.

आन आज सकाळी इंद्रजितची नवी पिकअप आली. साताऱ्यास्नं आनली. पयलं भाडं सांगलीचं, डाळिंबाचे क्रेट. जाता जाता मला बी न्यायचं ठरलं, माधवनगरला, पल्लवीच्या खोलीवर. सिद्धू संगं येनार. मला त्येच जुन्या खोक्यात बसवलं, वरचं तोंड उघडं ठेवून, आन सिद्धू मला मांडीवर घेऊन म्होरल्या शिटवर बसला. बुडाखाली चरचर आवाज झाला. शिटवर प्लास्टिक.

“ह्ये काढायचं न्हाई व्हय रं?” सिद्धूनं इचारलं.

“येडा का खुळा तू? नवी गाडी हाय. घाम लागून खराब व्हईल,” इंद्रजित म्हनला.

सिद्धूचा हात खिशावर गेला.

गाडीफुडं वाडी जमली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ आनला. थोरली म्हनून मान सुलाबाईचा. तिनं ताट उचललं. हळद-कुंकू झालं, आन भंडाऱ्याची वाटी तिच्या हातात आली. कोंडीबा मागनं म्हनला, “आवं वैनी, तेवढं रंगूबाईकडं द्या. न्हाईतर इंजनाला कावीळ व्हायची!”

समदी हसली. वाईट मनानं न्हाई कुनी, सवयीनं हसली. सुलाबाईनं वाटी मुकाट रंगूबाईच्या हातात दिली. रंगूबाई कोंडीबाची बायकू, धाकटी जाऊ. ती पार बावरली. “आवं आक्का, मी कशी...” सुलाबाई मागं सरली आन पदराला हात पुसाय लागली. हाताला काय सुदिक लागलेलं नव्हतं.

सिद्धूनं गाडीचं दार उघडलं. मला घेऊनच खाली उतरला.

“आप्पा, भंडाऱ्यानं न्हाई बंद पडला कंप्युटर.”

“आरं, गंमत केली म्या.”

“न्हाई, गंमत न्हाई. ह्येनं पडला.” मला एका हातानं छातीशी धरून त्येनं दुसरा हात खिशात घातला. सुरकुतलेलं, मळलेलं प्लास्टिक. एवढंसं. “कुलरच्या बुडाला व्हतं. काढायचं असतंय. लिवलेलं बी व्हतं. म्या न्हाई काढलं.”

“कशापायी?” कोंडीबानं इचारलं.

“नवं ऱ्हावं म्हनून.”

कुनीतरी फिस्सदिशी हसलं आन गप झालं. सुलाबाई फुडं आली. तिनं ते प्लास्टिक हातात घेतलं न्हाई, नुसतं बघितलं.

“कवा गावलं तुला?”

“साफ केला त्या दिशी.”

“त्या दिशी म्या इचारलंवतं तुला.”

“व्हय.”

“लय आत गेलावता का म्हनून इचारलं.”

“व्हय.”

“आन तू व्हय म्हनलास.”

सिद्धूनं मान माझ्या खोक्यात घातली. त्येचा श्वास माझ्या पत्र्यावर लागत व्हता, गरम. मला वाटलं आता ती थोबाडीत मारंल, आन मारावी असं मला बी वाटलं. त्येला तर वाटतच व्हतं.

तिनं मारलं न्हाई. ती वळून म्हनली, “इंद्रजिता, तुझ्या शिटाचं पयलं काढ.”

तवा वाडी मोकळी हसली. कोंडीबानंच रंगूबाईच्या हातातली वाटी घेतली आन दोन्ही हातांनी सुलाबाईफुडं धरली. “चुकलो वैनी. घ्या.”

सुलाबाईनं चिमूट भरली. नुसती चिमूट, मूठ न्हाई. हात वर नेला. आन थांबली, मित्रांनो. तिनं सिद्धूकडं बघितलं.

“टाकू?”

आजपतोर ह्या बाईनं भंडारा टाकताना कुनाला इचारलं नव्हतं. देवाला बी न्हाई.

“टाक की आये,” सिद्धू म्हनला.

चांगभलं झालं, नारळ फुटला. मग ती माझ्यापाशी आली. “ह्येचा पंखा बंद हाय न्हवं?”

“बंद हाय.”

“नीट बघून सांग.”

“बंदच हाय गं.”

तिनं एका बोटानं माझ्या चेपलेल्या कोपऱ्याला भंडारा लावला. सिद्धूनं बी कपाळ फुडं केलं. पल्लवी करती तसंच. तिनं अंगठा एवढा दाबून लावला, एवढा दाबून, की त्येची मान मागं गेली.

आता तो परत शिटवर बसलाय. मी मांडीवर. प्लास्टिक टरटर निघालंय, ते दारात पडलंय. समदी खूश हायत. पर सिद्धू खूश न्हाई. तो सारखा आरशातनं मागं बघतोय, आईकडं. ती दारात उभी हाय आन पिशवी कमरंला खवतीय. तिनं इचारलेलं ते एक ‘टाकू?’ ह्येच्या कानातनं जात न्हाई. माझ्या बी न्हाई. फाईल परत लिवता आली पल्लवीला. पर इचारायच्या आधीचा जो हात व्हता तो परत कसा जोडायचा, ते मोबाईलच्या कुठल्याच इडिओत न्हाई.

मित्रांनो, माझ्यासारखा डबा तुमच्या बी घरात असंल. त्येची धूळ पुसा, वारा खेळता ठेवा, आतलं प्लास्टिक काढा. आन घरात ज्या मानसावर वरडायची तुमाला सवय हाय ना, वरडायच्या आधी एकदा आपलाच खिसा...

इंद्रजितनं हारन मारला. लिंबं चिरडली. मला आता निघायला पायजे.